कपाळाचं मॅचिंग

९ फेब्रुवारी, सोमवार

लतिकानं सांगितलंय की सहा आठवडे रंग बदलत राहणार, तेव्हा रोज सकाळी उजेडात कपाळ बघायचं आणि दिसेल तो रंग लिहून ठेवायचा. त्यासाठी दुकानातली ही जुनी डायरी काढली. लपवायची जागाही ठरली, अस्तराच्या ताग्यांच्या मागे. तिथे आमच्या घरातलं कुणी हात घालत नाही.

घरात कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा निदान इथे तरी खरं लिहिते. तीन वर्षांपूर्वी टिकली लावते तिथं पांढरा ठिपका आला. डॉक्टर म्हणाले, हे कोड नाही, टिकलीच्या मागच्या डिंकानं काही जणींची कातडी पांढरी पडते. टिकली बंद करा, मलम लावा, हळूहळू भरून येईल. आता नवरा धडधाकट असताना मोकळं कपाळ घेऊन मी खासबागेत दुकान उघडायचं? मलम लावलं आणि ठिपका झाकायला त्याच्यावर जरा मोठी टिकली लावली. ठिपका वाढला. आणखी मोठी टिकली लावली. मुगाच्या दाण्याएवढा होता तो रुपयाएवढा झाला. लिहिताना आता कळतंय काय चाललं होतं ते, तेव्हा कळत नव्हतं.

दिवाळीच्या आधी लतिकाच्या पार्लरमध्ये गेले. भुवया कायमच्या कोरून देते, ओठांत रंग भरते. म्हणाली, काकू, त्याच सुईनं तुमच्या कातडीचा रंग पांढऱ्यात भरते, कुणाला पत्ता लागणार नाही. भरला, आणि खरंच बेमालूम जुळला. पण जुळला तो ट्यूबलाइटखाली. मी, मंगल मॅचिंग सेंटरची मालकीण, वीस वर्षांत एका बाईला ट्यूबलाइटखाली ब्लाउजपीस घेऊ दिला नाही. ‘वैनी, दारात या, उन्हात बघा’ म्हणून दिवसाला पन्नासदा सांगते. आणि स्वतःचं कपाळ पडदे ओढलेल्या खोलीत पसंत करून आले.

जानेवारीत माहेरी कडोलीला साहित्य संमेलनाला गेले. ग्रंथदिंडीत सकाळभर उन्हात चालले आणि पुढचे दोन दिवस भावाच्या शेतात हरभरा काढायला लागले. चेहरा रापला, लतिकाचा रंग मात्र हिवाळ्यातलाच राहिला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारीण म्हणाली, ‘‘मंगल, कपाळाला कणीक लागलीया बघ.’’ बाकीच्या हसल्या. मीही हसले आणि पदरानं पुसल्यासारखं केलं.

आज लतिकानं त्याच्यावर गडद रंगाचा दुसरा हात दिला. हे सगळं बावीस मार्चच्या आत जुळायला पाहिजे. पाडव्यानंतरच्या रविवारी सौम्याला बघायला निपाणीचे लोक येणार आहेत. मुलीच्या आईच्या कपाळावर पांढरं दिसलं की लोक कोड म्हणणार, आणि आईला कोड म्हटलं की मुलीलाही होणार म्हणणार. डॉक्टरचा कागद कोण वाचत बसतंय? माझ्या कपाळापायी पोरीचं लग्न मोडलं तर मी जन्मभर स्वतःला माफ करणार नाही.

१० फेब्रुवारी

रंग: लालसर, सूज आहे. ठणकतंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रंग: चहाचा. वर पातळ खपली आहे.

ह्यांनी जेवताना विचारलं, ‘‘काय झालंय गं कपाळाला?’’

‘‘कपाटाचं दार लागलं.’’

‘‘व्हय?’’ म्हणाले आणि भाकरी मोडली. उद्यमबागेतल्या फौंड्रीत तीस वर्षं काढलेला माणूस, समोर काय दिसतंय त्यापेक्षा जास्त विचारत नाही. अशा नवऱ्याचे फायदे फार आहेत.

सौम्याचं मात्र नवल वाटतंय. हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट झाल्यापासून दोन वर्षांत सहा स्थळं आली. एकाचं नाक आवडलं नाही, एकाचं गाव लांब, एक जण फोटोत हसत नव्हता. निपाणीचा हा आदर्श तिला बायोडाटा वाचायच्या आधीच चालला. मी तर तिच्या हातात कागद उलटा दिला होता. देव मनावर घेतो तेव्हा असं होतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

खपली पडली. रंग: पिकल्या भोपळ्याचा.

मी दारात आरसा घेऊन उभी राहिले, मग गच्चीवर गेले, मग पुन्हा दारात. कुठल्याही उजेडात भोपळाच. तशीच लतिकाकडे गेले. दोन बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर काय बोलणार? त्या जाईपर्यंत जुनं मासिक धरून बसले. गेल्यावर टिकली काढून दाखवली. लतिकाचा चेहरा पडला.

‘‘काकू, मी तिसरा हात देणार न्हाय.’’

‘‘न्हाय म्हणजे? बिघडवलंस तू, दुरुस्त कोण करणार?’’

‘‘मला येत न्हाय ओ,’’ ती म्हणाली आणि रडायलाच लागली. ‘‘भुवया मी शिकलोय, भुवया चांगल्या करतो. पांढऱ्या डागावर भरायचं मी नुसतं व्हिडिओत बघितलेलं. पहिल्यांदा जुळलं, मला वाटलं जमलं. आनी थर चढवला तर अजून बिघडंल. तुमच्या पाया पडतो काकू, चांगल्या डॉक्टरला दाखवा, मी संगट येतो.’’

मी तिला पाया पडू दिलं नाही, पण चांगलं बोललेही नाही. ‘येत नव्हतं तर सुई कशाला हातात घेतलीस’ असं म्हणून पायऱ्या उतरले. रस्त्यात आठवलं की डॉक्टरनं टिकली बंद करा म्हटल्यावर मीही ऐकलं नव्हतं. पण परत वर गेले नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

रंग: तोच.

बावीसच्या स्वयंपाकाचं ठरवत होतो. मी म्हटलं, पाहुण्यांना खाली पाटावर बसवू, आपल्याकडची रीत आहे. सौम्या चटकन म्हणाली, ‘‘खाली नको आई, त्यांच्या आईचा उजवा गुडघा वाकत न्हाय. खुर्ची ठेव. आणि आदर्शला वांगं चालत न्हाय, भरली वांगी करू नको.’’

मी म्हटलं, तुला गं कसं ठाऊक? तर म्हणाली, बायोडाटात होतं. हल्ली बायोडाटात काय काय लिहितात! मी पुन्हा वाचून बघितला, मला गुडघा कुठं सापडला नाही. माझा चष्माही बदलायला झालाय.

पण खरी काळजी ह्याहून वेगळी आहे, आणि ती आज दुपारी एका बाईला खण दाखवताना सुचली. पसंती झाली की मुलाची आई मुलीची ओटी भरणार, हळदकुंकू लावणार. आणि मग तेच बोट मुलीच्या आईच्या कपाळाकडे येणार. टिकली असली तरी कुंकू तिच्या खाली किंवा वर टेकवायचंच असतं. इतक्या जवळून कुणालाही दिसेल. हातातला खण तसाच राहिला, बाई म्हणाली, ‘‘आक्का, बरं न्हाय काय?’’

५ मार्च, गुरुवार

कसं लिहू? पण लिहितेच.

कॉलेज रोडच्या पुढे एक नवीन कातडीच्या डॉक्टरीण बसतात, लेसरनं गोंदण काढतात. मी एकटी गेले. लतिकाला बोलावलं नाही. डॉक्टरीण कानडी आहेत पण मराठी स्वच्छ बोलतात. भिंग लावून बघितलं आणि विचारलं, ‘‘हा मेकअपचा रंग आहे का? कातडीच्या रंगाचा भरलाय कुणी? नक्की सांगा.’’

मी म्हटलं, ‘‘न्हाय डॉक्टर. लहानपणचं गोंदण हाय, पुसट झालंय.’’

का म्हटलं असं? शिकलेल्या बाईसमोर पार्लरचं नाव काढायची लाज वाटली. गोंदण म्हटलं की आईनं केलं, आपला दोष नाही. तोंडातून निघून गेलं आणि मग ते परत घेणं जमलं नाही.

त्यांचा काही विश्वास बसलेला दिसला नाही. म्हणाल्या, ‘‘आधी खालच्या कडेला एकच ठिपका मारून बघू.’’ डोळ्यांवर चष्मा लावला. चट आवाज आला, उकळत्या तेलाचा थेंब उडाल्यासारखं वाटलं. लगेच त्या नर्सला म्हणाल्या, ‘‘साकु, साकु,’’ म्हणजे पुरे, ‘‘बंद कर.’’ आणि मला आरसा दिला.

भोपळ्याच्या खालच्या कडेला काळा कुळकुळीत ठिपका.

‘‘बाई, कातडीच्या रंगात पांढरा रंग मिसळलेला असतो,’’ त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. ‘‘लेसर पडला की तो काळा पडतो. खरं सांगितलं असतं तर एक ठिपकासुद्धा मारला नसता. आता तीन महिने काही करायचं नाही. टिकली तर अजिबात लावायची नाही. कातडी आधी शांत होऊ दे, मग उपाय आहे. एकट्या आलात का?’’

व्हय म्हटलं आणि बाहेर आले. रिक्षात टिकली लावली.

६ मार्च

रंग लिहायचा बंद.

१२ मार्च, गुरुवार

टिकली नीट धरत नाही. कडेला कातडी सोलतेय, घाम आला की घसरते. आता लावते ती इतकी मोठी आहे की दुकानात येणाऱ्या एकीनं विचारलं, ‘‘कुठल्या देवीचं व्रत घेतलंयस काय?’’ व्हय म्हटलं. खोटं बोलायचं इतकं वळण पडलंय की आधी व्हय येतं, मग प्रश्न कळतो.

पण उपाय सापडला. बावीसला मी घरात नसणार. लोंढ्याला धाकटा भाऊ रेल्वेत आहे. शनिवारी त्याच्याकडे जायचं, रविवारी सकाळची गाडी चुकली म्हणून फोन करायचा. तोवर कार्यक्रम सुरू झालेला असणार. स्वयंपाक आदल्या दिवशीच करून ठेवीन, ओटीचं सामान काढून ठेवीन. लग्न ठरलं की पुढं साखरपुड्यापर्यंत तीन महिने मिळतात.

सौम्याला म्हटलं, मामाकडे जाऊन येईन म्हणते, एखाद वेळी रविवारी उशीर होईल. ती ताटावर बसली होती. हातातला घास खाली ठेवून तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, ‘‘मामाला काय झालंय?’’

‘‘काय न्हाय, असंच.’’

‘‘असंच,’’ ती म्हणाली. ताट तसंच ठेवून उठली. पोह्यांची भीती असणार. तिचे पोहे नेहमी कोरडे होतात. मी तिला उद्या दाखवते म्हटलं, तर खोलीचं दार लागलं.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभी केली. हे खाली उभे राहून काठी धरत होते, मी वर गाठी बांधत होते. सौम्या फुलं आणायला गेली होती.

‘‘लोंढ्याला कुनाची गाडी चुकत न्हाय,’’ हे एकदम म्हणाले. ‘‘जंक्शन हाय ते. दिवसभर गाड्या असत्यात.’’

मी गाठ बांधत राहिले.

‘‘पोरगी काल रातच्याला माझ्यापाशी आलती. आई नसंल तर मी साडीच नेसत न्हाय, म्हणाली. निपाणीला फोन करून येऊ नका सांगा, म्हणाली.’’

‘‘वेड लागलंय काय तिला? इतकं चांगलं स्थळ!’’

‘‘मी काय जास्त विचारलं न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पण तू कुठं जाऊ नको, मंगल.’’

नाव घेऊन त्यांनी मला गेल्या दहा वर्षांत हाक मारलेली नाही. काठी सोडून माझ्याकडे बघत होते. कपाळाकडे नाही, डोळ्यांकडे. मला वाटलं सांगून टाकावं, पण फुलं घेऊन सौम्या आली.

जाणार नाही. बघू काय होतं ते. एकदा तेवढा रविवार कसातरी निभावून न्यायचा.

२२ मार्च, रविवार

सगळं लिहायचंय.

सकाळी कपाळ धुतलं, कोरडं केलं, टिकलीच्या मागे दुकानातला कापडाचा गम लावला. कापड चिकटवायचा गम! आग आग झाली, डोळ्यांतून पाणी आलं, पण टिकली बसली. वर पावडर, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला.

अकराला आले, सहा जण. आदर्श दिसायला फोटोपेक्षा बरा. त्याची आई जयाबाई पिकलेल्या केसांची, हसऱ्या तोंडाची, हातात काठी. तंबाखूच्या शेतात राबलेले हात. आल्या आल्या सौम्यानं पुढं होऊन त्यांना काखेत हात घालून खुर्चीवर बसवलं, आणि त्याही ‘‘हळू गं बाई’’ म्हणून सवयीनं टेकल्या. पोरगी कामात हुशार आहे.

पोहे झाले, चहा झाला, पोरांना गच्चीवर बोलायला पाठवलं तर पाच मिनिटांत परत आली. बोलण्यासारखं काही नव्हतं वाटतं. ह्यांनी आणि जयाबाईंनी होकार दिला. मग जयाबाईंनी पिशवीतनं करंडा काढला, सौम्याची ओटी भरली, कुंकू लावलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘या आक्का.’’

मी पुढे गेले. त्यांचं बोट वर आलं आणि मी मान मागे घेतली.

मला घ्यायची नव्हती. आपोआप गेली. त्यांचं बोट तसंच अधांतरी राहिलं, कुंकवानं भरलेलं. ह्यांनी मान खाली घातली. सौम्याचं तोंड असं झालं की मी ते कधी विसरणार नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की मुलाच्या आईचं कुंकू मुलीची आई नको म्हणतेय, ह्याचा अर्थ एकच होतो. हे लग्न मी मोडतेय. कपाळानं नाही, मानेनं.

मी टिकली ओढून काढली. गमामुळं कातडीही आली थोडी.

‘‘कोड न्हाय हे,’’ मी म्हटलं. ‘‘टिकलीच्या डिंकानं झालंय, डॉक्टरचा कागद हाय. मी झाकत गेलो आनी ते वाढत गेलं. मग रंग भरून घेतला, तो चुकला. परत भरला, लई चुकला. लेसरवाल्या डॉक्टरनीला खोटं सांगितलं, म्हणून हा काळा. सगळं माझ्या हातानं झालंय. सौम्याला ह्यातलं काय एक न्हाय, तिला काय व्हणार बी न्हाय. तुमचं कुंकू मला नको न्हवतं ओ. मला दाखवायचं न्हवतं.’’

आदर्श खाली बघत होता. जयाबाई काठी टेकत उठल्या.

‘‘ठावं हाय मला, आक्का.’’

‘‘कसं?’’ मी विचारलं.

‘‘चार महिने हिच्याकडं गुडघ्याला येत होतो मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्यो घिऊन यायचा मला. मशीन लावून अर्धा अर्धा तास बसायचं. तवा पोरगी बोलायची. तुमचंच बोलायची. आई आरशाम्होरं बसून कपाळ झाकत्या आनी रडत्या, म्हणायची.’’

मी सौम्याकडे बघितलं. ती रडत होती.

खरं सांगायचं तर मला आधी राग आला. माझ्या कपाळाची कथा पार निपाणीपर्यंत! तीन वर्षं मी टिकल्या मोजून मोठ्या करतेय आणि ही मशीन लावून सांगत बसलीय! आणि चार महिने म्हणजे? मग मला गुडघा, वांगी आणि उलटा बायोडाटा सगळं एकदम कळलं, आणि इतक्या लोकांत मी एकटीच बावळट ठरले.

‘‘मला का न्हाय विचारलंस?’’ मी तिला म्हटलं.

उत्तर जयाबाईंनीच दिलं. ‘‘मी बी तेच म्हटलंतं तिला, आईलाच विचार की. तर म्हणाली, विचारलं तर आईला वाटंल, मला तिची लाज वाटत्या.’’

जयाबाईंनी करंडा परत उघडला. बोट भरलं, माझ्या तोंडासमोर आणलं आणि थांबल्या.

‘‘दुखतंय न्हवं? कुठं लावू, तुम्हीच सांगा.’’

मी वाकले. त्यांनी भुवयांच्या मधे, जिथं कातडी चांगली होती तिथं, इतकं हलकं बोट टेकवलं की मला ते कळलंही नाही. वरचा सगळा भोपळा, काळा ठिपका, सोललेलं उघडं राहिलं होतं आणि समोर आठ माणसं होती. मी पदर पुढे ओढला नाही. मग मी त्यांना लावलं. जरा वाकडंच लागलं. त्या ‘‘असू दे की’’ म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर सौम्या वाटीत खोबरेल घेऊन आली आणि कापसानं माझ्या कपाळावरचा गम काढायला बसली. रुग्णांना करते तसं, एका हातानं मागून मान धरून. मी डोळे मिटून विचारलं, ‘‘खरं सांग. लाज वाटत होती काय गं तुला माझी?’’

तिनं कापूस परत तेलात बुडवला.

‘‘एकदाच वाटली,’’ म्हणाली. ‘‘लोंढ्याला जातो म्हणालीस तवा.’’

गुरुवारी ती रजा काढून माझ्याबरोबर डॉक्टरणीकडे येणार आहे. तिथं कुठलं कुठलं खोटं बोलून ठेवलंय ते आधी तिला सांगून ठेवलं, नाहीतर तोंडघशी पडायची. गोंदणाचं ऐकून ती हसली. आजीवर ढकललंस, म्हणाली, आणि पोट धरून हसत बसली. मग रडली. मग मीही. हे दारात येऊन उभे राहिले, आत काय चाललंय ते बघितलं, आणि काही न विचारता चहा ठेवायला गेले.